बॅटऱ्यांच्या बदल्या

आमचे घरमालक बॅटऱ्यांच्या बदल्या करायचे. अगदी रीतसर, सरकारी नोकरांच्या होतात तशा. त्यांच्या घरी नऊ व्होल्टवर चालणाऱ्या चार वस्तू होत्या, आणि डोक्यावर दोन बटणं असलेल्या त्या चौकोनी बॅटऱ्यांपैकी कोणी कुठं आणि किती दिवस राबायचं, हे ते उन्हाळ्यात कट्ट्यावर सतरंजी टाकून ठरवायचे. शिक्षकांच्या बदल्यांचा हंगाम तोच. पुढ्यात स्क्रू-ड्रायव्हर, कात्री, पांढरी चिकटपट्टी, आणि ओळीनं मांडलेल्या बॅटऱ्या. जिन्यावरून उतरताना मला उगाच वाटायचं, की एखादी बॅटरी आता हात जोडून म्हणेल, साहेब, आई आजारी आहे, जवळची शाळा द्या.

सोलापुरात कुणालाही मालक म्हणायची पद्धत आहे. रिक्षावाला गिऱ्हाइकाला मालक म्हणतो, गिऱ्हाईक रिक्षावाल्याला मालक म्हणतं, आणि बहुतेक वेळा दोघांच्याही नावावर काही नसतं. आमच्या मालकांच्या नावावर मात्र विजापूर रस्त्याकडच्या एका गल्लीत दुमजली घर होतं. खाली ते, वर आम्ही. मालकीणबाई नातवाला सांभाळायला म्हणून पुण्याला मुलाकडे गेल्या होत्या. तो नातू आता इंजिनिअरिंगला होता, तरी त्याचं सांभाळणं काही संपत नव्हतं.

जिल्ह्यातल्या शिक्षकांच्या बदल्या ज्या कचेरीतून निघायच्या, तिथं आस्थापनेच्या टेबलावर मालकांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाले, टेबल सुटलं, हात मात्र शिवशिवत राहिले. मग त्यांना बॅटऱ्या सापडल्या.

त्यांचं शास्त्र साधं होतं. नवी बॅटरी म्हणजे नवा शिक्षक. अंगात दम आहे तोवर तिला अवघड क्षेत्रात पाठवायचं. अवघड क्षेत्र म्हणजे बिनतारी माईक, कारण तो बॅटरी खातो. नव्या बॅटरीला माईकमध्ये घातलं की ते म्हणायचे, "हिला करमाळ्याला पाठवली." करमाळा हे आमच्या जिल्ह्याचं पार दुसरं टोक. माईकचा आवाज बसायला लागला की तिची बदली ताप मोजायच्या बंदुकीत. तिथून पुढे पाण्याच्या अलार्ममध्ये. आणि सेवा संपत आलेली, निवृत्तीला टेकलेली बॅटरी घराजवळच्या सोयीच्या शाळेत, म्हणजे बॅटऱ्यांचे व्होल्ट मोजायच्या मीटरमध्ये.

"मीटरमध्ये सगळ्यात जुनी का?" मी एकदा विचारलं.

"सर, मोजणाऱ्याला काय काम असतं सांगा की," ते म्हणाले. "राबायचं दुसऱ्यानं. यानं बसून नुसता आकडा सांगायचा."

ते मला सर म्हणायचे, कारण मी कनिष्ठ महाविद्यालयात कॉमर्स शिकवायचो. मला हे उत्तर तेव्हा फार आवडलं होतं. ते सरकारी कारभाराबद्दल बोलताहेत असं मला वाटलं. ते मीटरबद्दलच बोलत होते.

प्रत्येक बॅटरीच्या पोटावर चिकटपट्टी, आणि तिच्यावर मुंगीच्या अक्षरात रुजू तारीख आणि आजवरच्या नेमणुका. एकदा आमच्या हिनं जिन्यात पडलेली एक गंजकी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकली. मालकांनी घंटागाडी अडवून ती परत मिळवली. वर येऊन हिला म्हणाले, "ताई, बडतर्फ करण्याआधी खुलासा मागवावा लागतो." ही मैंदर्गीची. माहेरी निम्मं बोलणं कानडीत, त्यामुळे ज्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही त्यांच्यासाठी तिच्याकडे एक कानडी वाक्य कायम तयार असतं. "होगली बिडू," ती म्हणाली. म्हणजे जाऊ दे, सोड.

बॅटरी खरेदी हा वेगळा सोहळा. मालक उन्हातान्हात चालत नवी पेठेत जायचे. दुकानात पुठ्ठ्याच्या पाकिटातल्या महागड्या बॅटऱ्या असायच्या, त्यांच्याकडे ते बघायचेसुद्धा नाहीत. "पाकिटाचे पैसे आपण का द्यायचे?" त्यांची नजर काउंटरवरच्या उघड्या खोक्यावर असायची. त्यात कुठल्या तरी सोनेरी कागदात गुंडाळलेल्या, वजनाला चिमणीएवढ्या बॅटऱ्या सुट्या पडलेल्या असत. ज्याच्या अंगात काही नाही त्याच्या अंगावर 'हेवी ड्यूटी' लिहिलेलं असतं, हे मी त्या खोक्यात पाहून शिकलो. मालक त्यातली एकेक उचलायचे आणि दोन्ही बटणं जिभेला लावायचे. चांगली बॅटरी असली तर जीभ झणझणते. मालकांच्या मते शेंगाचटणी खाल्ल्यासारखं व्हायला पाहिजे. दुकानदार बिचारा कपाळाला हात लावायचा.

"चाचा, जीभ नक्को लगाओ ना. दुसरे गिऱ्हाईक क्या लेंगे?"

"तू वांगी दाबून देतोस की नाही बघायला?"

"मैं वांगी कब बेचता, चाचा?"

घरी येऊन ते तांब्याभर पाणी प्यायचे आणि मोठ्या समाधानानं सांगायचे, "आज बऱ्याच चाखल्या. एकच तिखट निघाली." ती एक तिखट बॅटरी घेऊन त्यांचा महिना आनंदात जायचा. असल्या बॅटऱ्या दर महिन्याला घ्याव्या लागतात, आणि पुठ्ठ्यातली एक वर्षभर चालते, हा हिशोब मी त्यांना मांडून दाखवला होता. त्यांनी तो शांतपणे ऐकला. मग म्हणाले, "सर, वस्तूची किंमत दुकानात कळत नसते, सेवेत कळते." या वाक्याचा माझ्या हिशोबाशी काय संबंध, ते मला आजही सांगता येणार नाही. पण ते ज्या चेहऱ्यानं म्हणायचे, त्या चेहऱ्यापुढे कॉमर्सचा मास्तर गप्प बसायचा.

जीभ बंद झाली ती करोनाच्या साथीत. दुकानदारानं काउंटरपुढे दोरीच बांधली. मालकांनी ताप मोजायची बंदूक आणली तीही त्याच दिवसांत. जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून ते येणाऱ्याजाणाऱ्याच्या कपाळावर ती रोखायचे. बंदुकीत अर्थात माईकमधून दमून आलेली बॅटरी. सोलापुरात बाहेर लाह्या फुटायचं ऊन, आणि आमची कपाळं बंदुकीच्या मते बर्फाची. पुढे पुढे तर तिच्यावर आकडाच उमटेना. "आपल्या घरात सगळे थंड डोक्याचे," मालक खूश होऊन सांगायचे. ही तेव्हा एकदा तापानं फणफणली होती. मालकांनी बंदूक रोखली, आणि ताप नाही म्हणून सांगितलं. ही त्यांच्याकडे ज्या डोळ्यांनी बघत होती, ते बघून मीच जिन्यात सरकलो.

तर जीभ बंद, म्हणून मीटर आलं. जुन्या बाजारातून आणलेलं, पिवळं, दोन वायरींचं. त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यात एका बॅटरीचं बारीक चित्र कायम दिसायचं. मी विचारलं, ते काय? मालक म्हणाले, "कंपनीची खूण. मीटर बॅटऱ्या मोजायचं आहे ना, म्हणून बॅटरी काढलीय."

त्या मीटरनं मालकांचं म्हातारपण उजळलं. कारण त्यात त्यांच्या जुन्या, मळक्या, तीन ठिकाणी नोकरी करून आलेल्या बॅटऱ्या नऊच्या वर आकडा दाखवायच्या. कधी साडेनऊ, कधी दहा. ते मला हाका मारमारून खाली बोलवायचे. "बघा की सर! नऊची बॅटरी, दहा दाखवतेय! विश्रांती मिळाली की बळ येतं. मी कचेरीत हेच सांगत होतो, माणूस फिरता ठेवा." कुणी पाहुणा आला, की चहाच्या आधी मीटर. पाहुण्यालाही काय कळतंय? तो म्हणायचा, वा.

आता पाण्याचं सांगतो, म्हणजे पुढचं सगळं ध्यानात येईल. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांआड येतं, आणि येतं तेव्हा वेळ सांगून येत नाही. शिवाय त्याला जोर नसतो. रस्त्याच्या पातळीखाली खड्डा करून नळ त्यात उतरवलेला असतो. पाणी तिथवर येऊन ठिबकत बसतं. मोटर लावली तरच ते वर टाकीत चढतं. नळाला मोटर लावणं बेकायदा आहे, हे गल्लीला ठाऊक होतं आणि झोन ऑफिसलाही, त्यामुळे त्याबद्दल कुणी बोलायचं नाही. पाणी आलं हे कळणं, हीच खरी गोष्ट. ते एकदा चुकलं की पुढचे चार-पाच दिवस घागर घेऊन लोकांच्या दारात जायचं.

यासाठी आमच्या हिची स्वतःची एक रीत होती. ती नळाखाली खड्ड्यात स्टीलचं ताट पालथं ठेवायची. पाणी पडायला लागलं की टण् टण् वाजायचं, वरपर्यंत ऐकू यायचं. मालकांनी ते बंद केलं. खड्ड्यात दोन वायरी सोडून त्यांनी अलार्म बसवला. पाण्याचा वायरींना स्पर्श झाला की एक बाई हिंदीत पाणी आल्याचं सांगायची. ताट म्हणजे अडाणीपणा, आणि त्यांच्या मते ताटावरचं पाणी उडून वायरी भिजल्या तर अलार्म उगाच बोलणार, बॅटरी फुकट जाणार. ही सूचना त्यांनी आम्हाला माईकवरून दिली. ते सगळ्याच सूचना माईकवरून द्यायचे, कारण ओरडल्यानं घसा झिजतो आणि घसा बाजारात मिळत नाही. "वरच्या मजल्यावरील भाडेकरूंनी कृपया लक्ष द्यावे." त्या वेळी वरच्या मजल्यावरील भाडेकरू, म्हणजे मी, त्यांच्या शेजारी उभा राहून चपला घालत होतो.

आमच्या पोराचं जावळ काढायचं ठरलं. हिच्या माहेरचे सगळे मैंदर्गीहून जीप करून येणार. मामाच्या मांडीवर बसवून पोराचे पहिले केस काढायचे, मग आंघोळ, मग जेवणावळ. पाण्याचा दिवस आदल्या दिवशीच होता, म्हणून ही निर्धास्त होती. तरी आदल्या दिवशी सकाळी तिनं ताट घेतलं आणि खड्ड्यात ठेवून आली. थोड्या वेळानं मालक ताट घेऊन वर आले.

"ताई, आत्ता मोजून आलोय. अलार्मची बॅटरी दहाच्या वर आहे. विश्वास ठेवा की."

"ठेवते मालक, पण ताटही राहू दे."

"दोन्ही कसं चालंल? एका पदावर दोन माणसं नेमता येत नाहीत."

ताट त्यांनी आमच्या ओट्यावर ठेवलं आणि गेले. दुपारी ऊन असं, की दारंखिडक्या लावून, कूलर घरघरवत सगळी गल्ली आत. आम्ही शेंगा भाजत होतो. संध्याकाळी दार उघडलं, तर समोरच्या वहिनी पाइपनं अंगण धूत होत्या. गल्लीत चिखल. शेजारची टाकी वाहून भिंतीवर ओघळ आलेले.

"पाणी आलं होतं?" हिनं विचारलं.

"दुपारीच की. तुमच्याकडं न्हाई आलं व्हय?"

मालकांनी खड्ड्यातून अलार्म काढला, बॅटरी काढली, मीटर लावलं. दहा. त्यांनी मान वर केली आणि शांतपणे जाहीर केलं, "आपल्याकडं पाणी सोडलेलं नाही."

"मालक, खड्डा ओला आहे," मी म्हणालो.

"ती मागच्या पाण्याची ओल."

त्या दिवशी ऊन इतकं होतं, की वाळत टाकलेला टॉवेल दोरीवरच कडक व्हायचा. मागच्या पाण्याला पाच दिवस होऊन गेले होते. पण मीटर दहा दाखवत होतं. बॅटरी चांगली, अलार्म वाजला नाही, म्हणजे पाणी आलं नाही. मालकांच्या डोक्यात हे तीन टप्प्यांचं टिपण मंजूर होऊन सही झालेलं होतं. आता त्याच्या आड गल्लीतला चिखल येऊ शकत नव्हता.

इरण्णा आला. इरण्णा आमचा चावीवाला, म्हणजे रस्त्यातल्या झडपा उघडून गल्लोगल्ली पाणी सोडणारा. सायकलच्या दांडीला बांधलेली माणूसभर उंच लोखंडी चावी, डोक्याला टॉवेल. ठेकेदाराकडं रोजंदारीवर होता.

"मालक, म्या सोताच्या हातानं चावी फिरवली की," तो दारात उभा राहून म्हणाला. "तुमच्या समोरच्या घरात आलं, मागच्या घरात आलं, मधी तुमालाच कसं येनार न्हाई? पाणी काय घर बघून थांबतंय व्हय?"

मालकांनी मीटर त्याच्या पुढे धरलं. "हे बघ."

इरण्णानं वाकून बघितलं. "मला ह्यातलं काय कळत न्हाई. पाणी सोडलं, येवढं कळतंय."

दुसऱ्या दिवशी जावळ झालं. म्हणजे सुरू झालं. न्हाव्यानं अर्धं डोकं केलं आणि वाटीतलं पाणी संपलं. अर्ध्या टकलाचं पोर मामाच्या मांडीवर भोकाड पसरून बसलं, आणि मैंदर्गीची सगळी मंडळी भांडी घेऊन गल्लीत पांगली. माझे सासरे स्वतः शेजाऱ्याच्या दारात घागर घेऊन उभे राहिले. त्यांच्या आयुष्यात लेकीच्या गावी पाणी मागायची ही पहिली वेळ असावी. ते काही बोलले नाहीत, कानडीतही नाही. मालक मात्र पंगतीत बसून पाहुण्यांना पाणीपुरवठ्याची बेशिस्त समजावून सांगत होते, आणि पुरावा म्हणून मीटर ताटाशेजारी ठेवलं होतं.

इथपर्यंत मी हसून सोडून दिलं असतं. पण मालकांनी अर्ज केला. "विषय: पाणी न सोडलेबाबत, व कर्तव्यात कसूर करणाऱ्या कर्मचाऱ्यावर कारवाई होणेबाबत." असले अर्ज लिहिण्यात त्यांची हयात गेलेली, त्या अर्जाला पाय फुटले. चारच दिवसांत ठेकेदारानं इरण्णाला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं.

इरण्णा आमच्या जिन्यात येऊन बसला. पाणी दिलं, ते प्यायला नाही. "वैनी, रोजंदारीचं हाय माजं. एकदा नाव काटलं की परत न्हाई लागत. सुट्टी कसली काढली न्हाई म्या, लेकीच्या लग्नाच्या दिवशी बी पाणी सोडून मांडवात गेलो. तुमी येवढं सांगा सायबाला, पाणी आलंतं म्हून."

मी खाली गेलो. मालकांना म्हणालो, अर्ज मागे घ्या, गरीब माणूस आहे.

"सर, माझा त्या माणसावर राग नाही," ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. "माणसाकडं बघितलं की निर्णय चुकतो. आमच्या कचेरीत एक बाई यायची. आई अंथरुणाला खिळलेली, बदली रद्द करा म्हणून रडायची. मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. सेवाज्येष्ठतेची यादी बघितली. यादीत ती बसत नव्हती. कुणाचा चहा प्यायलो नाही, कुणाच्या डोळ्यांत बघितलं नाही, म्हणून माझ्या एकाही आदेशावर कधी बोट ठेवता आलं नाही."

ते अभिमानानं सांगत होते. मला त्या क्षणी त्यांचा इतका संताप आला, की समोरच्या साऱ्या बॅटऱ्या उचलून गटारात टाकाव्यात असं वाटलं. माणूस लाच घेत नाही म्हणून तो चांगला, असं आपण किती सहज म्हणतो. मी वर येऊन हिला सगळं सांगितलं. या वेळी ती होगली बिडू म्हणाली नाही.

चौकशी झोन ऑफिसात झाली. आम्ही दोघंही गेलो होतो. साहेब म्हणजे एक तरुण अभियंता, समोर फायलींचा ढीग, मागे बंद पडलेला पंखा. इरण्णा दारापाशी उभा. धुतलेला शर्ट घालून आला होता. मालकांनी पिशवीतून अलार्म, बॅटरी आणि मीटर काढून टेबलावर मांडलं. साहेबांनी स्वतः वायरी लावल्या. दहा.

"बॅटरी तर ठणठणीत आहे," साहेब म्हणाले, आणि इरण्णाकडे न बघता लिहायला लागले. मालकांच्या चेहऱ्यावर जुन्या टेबलावर बसल्यासारखं तेज आलं.

"साहेब, एक विचारू?" ही म्हणाली. "बॅटरी किती व्होल्टची?"

"नऊ."

"मग दहा कशी दाखवते?"

"जरा जास्त दाखवते कधी कधी. नवी असली की."

"ही नवी नाही. हिची तीन ठिकाणी नोकरी झालीय, पोटावर लिहिलंय बघा. माझ्या माहेरी म्हशी आहेत साहेब. लिटरभर दूध देणाऱ्या म्हशीनं सव्वा लिटर दिलं, तर आमचे वडील म्हशीची पाठ थोपटत नाहीत. आधी माप बघतात, कुठं चेपलंय का. चेपलेल्या मापानं मोजलं की दूध जास्तच भरतं. हे मीटर कशावर चालतं?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मीटर उचलून पडदा डोळ्यांजवळ नेला. "इथं बॅटरीचं चित्र येतंय की काका. हे किती दिवस येतंय?"

"पहिल्यापासून," मालक म्हणाले. "ती कंपनीची खूण."

"कंपनीची कसली? मीटरची स्वतःची बॅटरी संपत आली की हे चित्र येतं. आतली बॅटरी उतरली की मीटर बाहेरचं सगळं जास्त दाखवतं."

शिपायानं बैठकीच्या खोलीतल्या माईकमधली बॅटरी काढून आणली. ती मीटरमध्ये बसली. चित्र गेलं. साहेबांनी अलार्मच्या बॅटरीला वायरी लावल्या, आणि आकडा पाचाच्या आसपास घुटमळून थांबला. मग त्यांनी मीटरमधून निघालेली बॅटरी मोजली. ती त्याहून खाली होती.

मालकांनी पिशवीतून दुसरी बॅटरी काढून लावायला दिली, मग तिसरी. एकेक करून त्यांचं सगळं खातं तिथं टेबलावर नापास झालं. बाहेर कुणीतरी मोठमोठ्यानं पाणीपट्टीबद्दल भांडत होतं. शेवटी मालकांनी खिशातून पेन काढलं, साहेबांकडून कोरा कागद मागितला, आणि अर्ज मागे घेत असल्याचं लिहून दिलं. भाषा बिनचूक होती. "गैरसमजुतीने" असा शब्द त्यांनी घातला. इरण्णाच्या अंगावरून ते बाहेर गेले तेव्हा मान खाली होती. माफी नावाचा शब्द त्यांच्या तोंडातून आला नाही. रस्ताभर ते आमच्याही पुढे पुढे चालत राहिले, आणि ही मला म्हणाली, "बघा, मेला एक शब्द बोलला नाही त्या माणसाशी." मला वाटलं, संपलं. असल्या माणसांचं एवढ्यावरच संपतं.

पुढच्या पाण्याच्या दिवशी इरण्णा परत कामावर होता. गल्लीच्या तोंडाशी झाकण उघडून, चावी खाली सोडून तो आटे फिरवत होता. मी गॅलरीत उभा होतो. मालक घरातून निघाले, धुतलेला सदरा, हातात काहीतरी. उतरून बघतो तो काय, पुठ्ठ्याच्या पाकिटातली बॅटरी. सगळ्यात महागडी. सकाळी ते नवी पेठेत जाऊन आले होते. दुकानदारानं त्यांना ती विकताना काय तोंड केलं असेल, ते बघायला मी नव्हतो याचं मला वाईट वाटतं.

"हे घे," मालक म्हणाले.

इरण्णानं कपाळावरचा घाम टॉवेलनं पुसला. "काय हाय ह्ये?"

"बॅटरी. नऊ व्होल्ट. नवी आहे, कुठं लावलेली नाही." त्यांचा आवाज माईकशिवाय इतका बारीक असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. "एकदम चांगली आहे. तुला म्हणून आणली."

"कशाला लावत्यात?"

"अलार्मला. पाणी आलं की तो सांगतो."

इरण्णा चावीवर दोन्ही हात ठेवून क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला. "मालक, पाणी म्या सोडतोय. आलं म्हून मला कोन सांगनार?"

मालकांचा हात तसाच पुढे राहिला. त्यांच्या घरात ज्या वस्तूहून मोठं काही नव्हतं, ती त्यांनी आणली होती, आणि या माणसाच्या घरात ती लावायला जागाच नव्हती. मला त्यांची कीव आली. खोटं कशाला सांगू, थोडं हसूही आलं.

"ठेवा तुमच्यापाशीच," इरण्णा म्हणाला. "तुमास्नी लागंल. आन् म्या सांगीन तवा ऐका, म्हंजे झालं." तो परत वाकला. चावीचे दोन आटे फिरले, खाली कुठंतरी घर्रकन हवा निघाली. "जावा मालक. आलं पाणी."

मालकांनी बॅटरी आधी नीट खिशात घातली. मग खड्ड्यात न डोकावता, वायरी न बघता, मीटर न काढता, लेंगा दोन्ही हातांनी वर धरून ते मोटर लावायला पळत सुटले.